आईला कलम सांगू नका, जमावाला वचन सांगू नका: विरोध झाला की विश्वासणाऱ्याने काय करावं

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मला ख्रिस्ती विश्वासात येऊन तीन-चार महिने झाले होते आणि ही बातमी तिला बाहेरून कळली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मी गेल्यावर मला पाणी कोण देणार रे?" मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, बँकेत नुकताच चिकटलेला, चार पुस्तकं वाचून फुगलेला. मी तिला राज्यघटनेचं कलम २५, म्हणजे धर्मस्वातंत्र्याचा हक्क, सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि पुढचा दीड महिना माझ्याशी थेट बोलली नाही. "त्याला सांग, पान वाढलंय," असा धाकट्या भावामार्फत कारभार चालायचा.

बऱ्याच वर्षांनी नेमका उलटा प्रकार पाहिला. भाड्याच्या हॉलमध्ये रविवारची उपासना चालू होती. दहा-बारा मुलं मोटारसायकलींवरून आली, सगळ्यांचे मोबाइल वर धरलेले. आमच्यातला एक उत्साही तरुण दारात जाऊन उभा राहिला आणि बायबलमधलं रोमकरांस पत्र उघडून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागला. मुलं ऐकायला आलीच नव्हती. संध्याकाळपर्यंत त्या वाचनाचाच व्हिडिओ 'भर रस्त्यात धर्मप्रचार' म्हणून फिरत होता.

इंदूरच्या मराठी विश्वासणाऱ्यांत तीस वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की आपलं निम्मं नुकसान या अदलाबदलीनं होतं. आईला हवा असतो मुलगा, आपण तिला कायदा देतो. पोलीस ठाण्यावर हवा असतो कागद, तिथं आपण साक्ष देत बसतो. म्हणून पुढे जे सांगतोय ते समोर कोण उभं आहे त्याप्रमाणे लावलंय. आपल्यासमोर जे असेल तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल, पण पहिली पायरी कुणी गाळू नये.

आधी कागद-पेन घेऊन बसा

विरोध झाला की त्याच रात्री, शक्यतो जेवणानंतर डोकं जरा शांत झाल्यावर, तीन गोष्टी लिहा. कोण बोललं? नेमकं काय बोललं, त्यांच्याच शब्दांत? आणि आपल्यामुळे स्वतःचं काय जाणार, असं त्या माणसाला वाटतंय?

तिसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. शेजारच्या काकूंना भीती असते की सोसायटीच्या भिशीत आणि हळदीकुंकवात आता एक घर कमी होणार. सासऱ्यांना भीती असते नातवाच्या मुंजीची आणि पुढे सोयरिकीची. गल्लीतल्या मुलांना बहुतेक वेळा आपल्याबद्दल काहीच ठाऊक नसतं, त्यांना कुणीतरी पाठवलेलं असतं. तिघांनी शब्द एकच वापरला, 'धर्म बुडवला', तरी मागणी तीन वेगळ्या आहेत.

आता एक कडू गोष्ट. बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, पंधराव्या वचनात, तो विश्वासणाऱ्यांना बजावतो की दुःख सोसायचंच असेल तर खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून सोसू नका. ढवळाढवळ करणाऱ्याला त्यानं चोराच्या रांगेत बसवलंय! आमच्याकडे एकदा शेजाऱ्यांची तक्रार आली आणि सगळे 'छळ, छळ' म्हणून उपास धरून बसले. तक्रार काय होती? रविवारी सकाळी आमच्या स्कूटर त्यांच्या फाटकासमोर लागत होत्या आणि ढोलकीचा आवाज साडेसातपासून सुरू व्हायचा. त्यांच्या घरी बारावीची मुलगी होती. गाड्या हलवल्या, ढोलकी दहानंतर वाजू लागली, तक्रार मिटली. आपला विरोध वचनामुळे होतोय की ढोलकीमुळे, ते आधी तपासा. ऑफिसला दांडी मारून सभेला जाणं, उसने पैसे थकवणं, नातेवाइकांच्या मागे हात धुवून लागणं, हे सगळं याच खात्यात जमा होतं.

घरचा विरोध

हा सर्वांत लांब चालतो आणि यावर सर्वांत कमी तयारी असते, म्हणून इथे रेंगाळतो.

पहिली गोष्ट, बातमी घरच्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या. बाहेरून कळली की निर्णयापेक्षा लपवाछपवीचा घाव खोल जातो, आणि मग तुमच्या प्रत्येक शब्दावर संशय येतो. बायकोला किंवा नवऱ्याला न सांगता बाप्तिस्मा घेऊ नका. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. आपण आज टिळकांचे अभंग म्हणतो, पण मधली पाच वर्षं त्या माउलीनं काय काढलं असेल तेही लक्षात ठेवावं. जोडीदार सोबत राहायला तयार असेल तर त्याला सोडू नका, असं प्रेषित पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. तेव्हा 'प्रभूसाठी घर सोडलं' ही साक्ष मला फारशी ऐकवत नाही. बऱ्याचदा घर प्रभूनं नाही, आपल्या हट्टानं सुटलेलं असतं.

दुसरी गोष्ट, मराठी घरातला विरोध तत्त्वज्ञानावरून क्वचितच होतो. तो चार-पाच ठरलेल्या जागी होतो: गौरी-गणपती, श्राद्ध, सत्यनारायणाचा प्रसाद, बायकांच्या बाबतीत कुंकू आणि मंगळसूत्र, आणि शेवटी अंत्यविधी. या जागा कॅलेंडरवर आधीच छापलेल्या असतात. मग आपण दरवर्षी आरतीचं तबक समोर येईपर्यंत का थांबतो? घंटा वाजायला लागल्यावर विचार सुरू केला की तोंड पडतं, आणि ते पडलेलं तोंडच सगळ्यांच्या लक्षात राहतं.

लोकमान्य नगरला माझी मावशी राहायची. गौरी जेवणाच्या दिवशी तिच्याकडे पंचवीस पानं. पहिल्या वर्षी मी 'नैवेद्याचं खाणार नाही' म्हणून गेलोच नाही, ती वर्षभर रुसली. पुढच्या वर्षी आठ दिवस आधी जाऊन बसलो. म्हटलं, "मावशी, मला यायचंय. पंगतीत वाढायला मी आहे, पाणी भरायला मी आहे. आरतीला हात जोडणार नाही आणि नैवेद्याचं ताट घेणार नाही. तू म्हणशील तर येतो, नाही तर दुसऱ्या दिवशी येईन." ती दोन मिनिटं गप्प. मग तिनंच तोडगा काढला: "नैवेद्याचं ताट मी वेगळं वाढून झाकून ठेवते. पातेल्यात राहिलेलं तो नुसता स्वयंपाक. तू पातेल्यातलं जेव." मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर पौलानं करिंथकरांना तीन अध्याय लिहिले, मावशीनं ते पुरणाच्या पातेल्यात मिटवलं. सगळ्यांना हा तोडगा पटेल असं नाही. काही विश्वासणारे त्या घरात त्या दिवशी पाऊलही टाकणार नाहीत, काही बिनदिक्कत जेवतील. तुमचा विवेक तुम्ही ठरवा, पण आठ दिवस आधी ठरवा आणि समोर बसून सांगा.

आणि 'नाही'च्या यादीसोबत 'हो'ची यादी न्यायला विसरू नका. वाढणं, निवडणं, आजीला डॉक्टरकडे नेणं, लग्नात रात्रभर जागून हिशेब ठेवणं, यातलं काहीच वचनाविरुद्ध नाही.

आता आईचं पाणी. दीड महिन्यानं मी आणि भाऊ तिच्यासमोर बसलो. मी सांगितलं की खांदा मी देणार, तेरा दिवस घरात राहणार, खर्चाचा अर्धा वाटा माझा. पिंड आणि मंत्र भाऊ करेल, मी पाटावर बसणार नाही, पण आल्यागेल्याचं सगळं मी बघेन. ती म्हणाली, "मग तेराव्याला गोड काय करायचं तेही आत्ताच ठरवून टाका." त्या दिवसापासून पान वाढल्याचा निरोप भावाकडून येणं बंद झालं. ती गेली २०११ साली. ठरल्याप्रमाणेच सगळं झालं. तेराव्याला वाढपी मी होतो. तिची काळजी सिद्धान्ताची नव्हतीच. आपलं शेवटचं कुणी करणार की नाही, एवढंच तिला हवं होतं, आणि मी ते पहिल्याच दिवशी सांगू शकलो असतो.

इंदूरचं एक खास सांगतो. इथल्या बहुतेक मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, हिंदीत चालतात. मराठी घरात हिंदी भजनं मोठ्यानं लागली की आजी-आजोबांना वाटतं, पोरगं परक्यांच्यात गेलं. घरी टिळकांचे अभंग म्हणा, मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचा. माझ्या वडिलांना येशू कधी पटला नाही, पण अभंगाची चाल चुकली की ते आतल्या खोलीतून दुरुस्त करायचे.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो ठळक सांगतो. सुनेला मारहाण होत असेल, कोंडून ठेवत असतील, मूल हिसकावत असतील, तर तो विश्वासाचा पेपर नाही, गुन्हा आहे. 'सहन कर, प्रभू बघतोय' असं सांगणाऱ्या पाळकाचं ऐकू नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा कुठल्याही धर्माच्या बाईला लागू आहे. आधार, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक यांच्या प्रती विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा. प्रभूनंही शिष्यांना सांगितलं होतं, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. मत्तय दहाव्या अध्यायात आहे.

सोसायटी, ऑफिस आणि ग्रुप

इथे थोडक्यात आटपतो. गणपतीच्या वर्गणीचं काय करायचं ते पावतीपुस्तक दारात येण्याआधी ठरवा. मी मंडळाच्या रक्तदान शिबिराला देतो आणि तसं सांगून देतो. माझे एक ज्येष्ठ सहकारी काहीच देत नाहीत, पण अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या (देखाव्यांचे रथ) निघतात तेव्हा रात्रभर पाणी वाटायला उभे राहतात. दोघांचंही शेजाऱ्यांशी बरं चाललंय. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, हा सणाइतकाच शहराचा उत्सव आहे, तिथं तोंड लपवायचं कारण मला तरी दिसत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर धर्मावरचा वाद आला तर उत्तर देऊ नका. अजिबात. सज्जन माणसंही तिथं पन्नास प्रेक्षकांसमोर माघार घेऊ शकत नाहीत. ज्यानं लिहिलं त्याच्याकडे संध्याकाळी जा, पोहे खा, विचारा. मी एकदा सोसायटीच्या ग्रुपवर कलमांची यादी टाकली होती; पुढचे सहा महिने लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे पाहून मोबाइल काढायचे.

तोंडी प्रश्न आले तर

पेत्र म्हणतो, आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. विचारणाऱ्याला, हे लक्षात घ्या. टोमणा मारणाऱ्याला उत्तर द्यायची सक्ती नाही. नेहमीचे तीन प्रश्न येतात.

"किती पैसे मिळाले?" चिडू नका, या प्रश्नाला आपल्या राज्यात मोठा इतिहास आहे. जुन्या मध्य प्रदेश सरकारनं मिशनरी कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली, तिचा अहवाल १९५६ साली आला. त्यानंतर १९६८चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात तो कायम ठेवला आणि सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क नव्हे. थोडक्यात, समोरचा माणूस आजोबांच्या काळापासूनचा संशय बोलून दाखवतोय. माझं उत्तर साधं असतं: "पगाराची स्लिप दाखवू? उलट महिन्याला दानपेटीत माझेच जातात." लोक हसतात, पुढचं बोलणं सोपं जातं.

"हा तर इंग्रजांचा धर्म." त्यांना लाल चर्च आणि १८८७ साली सुरू झालेलं इंदूर ख्रिश्चन कॉलेज ठाऊकच असतं. त्या कॉलेजात शिकलेली किती मराठी घरं आहेत ते त्यांनाच मोजू द्या. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी ते काढलं, हे लपवण्यात अर्थ नाही. लपवाल तर पुढचं काहीच खरं वाटणार नाही.

"मग आमचे देव खोटे का?" इथे जीभ आवरा. तुम्हाला काय मिळालं तेवढं सांगा. दुसऱ्याच्या देवाची टिंगल नीतीनं चूक आहेच, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ नुसार धार्मिक भावनांचा जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं अपमान करणं हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. तो आपल्यालाही लागू आहे. बाहेरून येणाऱ्या जोशिल्या वक्त्यांना माइक देण्याआधी हे वाक्य कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या.

वादळाआधीची तयारी

नहेम्याच्या पुस्तकात लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला, चौथ्या अध्यायाचं नववं वचन. पहिला अर्धा भाग आपल्याला पाठ असतो.

मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम २०२१ ची हिंदी प्रत छापून मंडळीत ठेवा आणि एकदा मोठ्यानं वाचा. बळजबरी, फसवणूक, प्रलोभन, किंवा लग्नाच्या मिषानं केलेलं धर्मांतर हा त्यात गुन्हा आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा एक ते पाच वर्षं आणि किमान २५,००० रुपये दंड. अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर दोन ते दहा वर्षं आणि किमान ५०,०००. आरोप खोटा आहे हे दाखवण्याचा भार आरोपीवर टाकलाय. 'प्रलोभन' शब्दात पैसा, वस्तू, नोकरी आणि नामांकित शाळेतलं शिक्षण येतंच. चांगलं राहणीमान आणि दैवी कृपेचं आश्वासनसुद्धा येतं.

म्हणजे व्यवहारात काय करायचं? वह्या, धान्य, औषधं वाटायची असतील तर उपासनेच्या दिवशी आणि उपासनेच्या जागी वाटू नका. वाटणीची वही ठेवा आणि त्यात सगळ्या धर्मांची नावं असू द्या. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण 'बाप्तिस्मा घेतलास तर बरा होशील' असं कुणीही, कधीही म्हणू नये. असं म्हणणं शास्त्रालाही धरून नाही. दुसऱ्याच्या मुलाला आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय मुलांच्या वर्गात बसवू नका.

धर्म बदलू इच्छिणाऱ्यानं ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे घोषणा द्यावी, असं कलम १० म्हणतं, आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूनंही तशीच पूर्वसूचना द्यायची असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन स्वेच्छेनं लग्न करणाऱ्या प्रौढांवर या कलमाखाली सक्तीची कारवाई करायला मनाई केली. पण अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे. बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी वकिलाला विचारा, यूट्यूबला नाही. अनुसूचित जातीच्या व्यक्तीनं तर आवर्जून विचारावं, कारण १९५०च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. शिक्षण-नोकरीवर त्याचा परिणाम होतो. हे आधी न सांगता कुणाला पाण्यात उतरवणं मला फसवणूकच वाटते. बडोद्याच्या नातेवाइकांनी हे जसंच्या तसं उचलू नये, गुजरातचा कायदा वेगळा आहे, २००३चा, २०२१ मध्ये दुरुस्त झालेला.

याच कायद्याचं कलम ४ मात्र सगळ्यांनी पाठ करावं: तक्रार कोण करू शकतं? धर्मांतर झालेली व्यक्ती, तिचे आईवडील, भाऊ-बहीण. इतर रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तक नात्याचे लोक आणि कायदेशीर पालक न्यायालयाच्या परवानगीनं. रस्त्यावरून आलेल्या तिऱ्हाइताच्या तक्रारीवर या कायद्याखाली पोलिसांनी चौकशी करायची नाही.

बाकीची तयारी एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये मावते. हॉलचा भाडेकरार, घरमालकाचं संमतीपत्र, संस्था नोंदणीकृत असेल तर दाखला, हिशेबाची वही, आणि दोन वकिलांचे नंबर, कारण एक नेमका रविवारी गावाला गेलेला असतो. वर्षातून एकदा दोघांनी जवळच्या ठाण्यावर जाऊन ओळख करून यावी: आम्ही अमुक ठिकाणी, दर रविवारी दहा ते बारा, साधारण इतके लोक. चहा झाला तर उत्तम.

जमाव दारात आला तर

आधीपासून ठरलेला एकच माणूस बोलेल, आणि त्याच्या शेजारी एखादी वयस्कर बाई उभी राहील. बाकी सगळे खाली बसतील. मुलांना दोन मोठ्या माणसांबरोबर आतल्या खोलीत न्या. दुसरा ठरलेला माणूस लगेच ११२ लावेल. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा, पुढे तिचा उपयोग होतो. तिसरा आतूनच, शांतपणे, सलग रेकॉर्डिंग करेल, मध्ये भाष्य न करता. व्हिडिओ कुणालाही पुढे पाठवायचा नाही, मूळ मोबाइलमध्ये तसाच ठेवायचा.

बोलणाऱ्यानं बोलायचं ते इतकंच, हिंदीत, हात जोडून: "नमस्ते भैया, हमारी हर हफ्ते की प्रार्थना है. आपको शिकायत है तो पुलिस को बुला लिया है, हम भी यहीं बैठे हैं." ओळखपत्रं दाखवायची नाहीत, रजिस्टर हातात द्यायचं नाही, धक्का बसला तरी धक्का द्यायचा नाही. वाद घालू नका, साक्ष देऊ नका. त्या दिवशी तुमचं गप्प बसणं हीच साक्ष. आणि जिवावर बेतत असेल तर मागच्या दारानं निघून जा, त्यात कसली लाज आलीय?

तोडफोड झाली तर फोटो काढल्याशिवाय केर काढू नका. आमच्या बायकांनी एकदा काचा झाडून, फरशी पुसून, वर चहा ठेवून पोलिसांची वाट पाहिली होती! कुणाला लागलं असेल तर एम. वाय. रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्यात एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या. खाजगी डॉक्टरची पट्टी पुराव्याला कमी पडते.

ठाण्यावर

एकट्यानं जाऊ नये. जाण्याआधी वकिलाला फोन. 'जरा या, बोलायचंय' म्हटलं तर नम्रपणे विचारा की लेखी नोटीस आहे का. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम ३५(३) मध्ये हजर राहण्याच्या नोटिशीची तरतूद आहे. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला किंवा साठीच्या पुढच्या पुरुषाला घर सोडून इतरत्र बोलावता येत नाही. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही, कोऱ्या कागदावर तर कधीच करू नका. मी एकदा 'समझौता है, कर दीजिए' म्हणून न वाचता सही केली होती. घरी येऊन प्रत वाचली तर त्यात आम्ही पुन्हा प्रार्थना घेणार नाही असं लिहून दिलेलं. ते निस्तरायला चार महिने गेले.

अटक झालीच तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेणं बंधनकारक आहे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अपवाद वगळता अटक करता येत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो.

तक्रार आपली असेल तर ती एका पानात लिहा: तारीख-वेळ, जागा, काय झालं, कोण होतं, काय नुकसान. विशेषणं गाळा. 'धर्मांध गुंडांनी' लिहिण्यापेक्षा 'दोघांनी दाराची कडी तोडली' लिहा. शांतपणे चाललेल्या धार्मिक सभेत अडथळा आणणं हा न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिल्यावर एफआयआर नोंदवणं सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. प्रत फुकट मिळते. नोंदवत नसतील तर वरिष्ठांकडे लेखी, टपालानं. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा अर्ज उपायुक्तांकडे जातो. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे.

पण मग क्षमा?

मंडळीत कुणीतरी हमखास विचारतं, ख्रिस्ती माणसानं तक्रार करावी का, दुसरा गाल का नाही? योहानाच्या अठराव्या अध्यायात शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा प्रभूनं त्याला सरळ विचारलं, मी चूक बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? पौलानं फिलिप्पैत अधिकाऱ्यांना स्वतः येऊन सोडवायला लावलं, यरुशलेमात फटके बसायच्या आधी आपण रोमी नागरिक असल्याचं सांगितलं, आणि शेवटी कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, अपील केलं.

आपल्या जवळचंच उदाहरण आहे. कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये समंदरसिंहनं त्यांना भोसकून मारलं. खटला चालला, त्याला जन्मठेप झाली. त्यांच्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ साली तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबानंच त्याच्या सुटकेला संमती दिली आणि २००६ साली तो बाहेर आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरलाच राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. क्रम बघा: साक्षी-पुरावे झाले, शिक्षा झाली, आणि राखीही बांधली गेली. क्षमा केली म्हणून कुणी कोर्टात खोटं बोललं नाही.

आमच्या हॉलवर आलेल्या मुलांपैकी एकाच्या वडिलांनी नंतर मला गाठलं. मुलाची नोकरीची पोलीस पडताळणी अडली होती, तक्रार मागे घ्या म्हणाले. मी मंडळीला विचारलं, वकिलाला विचारलं, आणि त्या मुलानं तुटलेल्या दाराचे पैसे भरून लेखी माफी दिल्यावर आम्ही समझोत्याचा अर्ज कोर्टात दिला. त्या वेळी मात्र प्रत्येक ओळ वाचूनच सही केली. काही जणांना ते मवाळ वाटलं, काहींना कडक.

राहता राहिली ती फाइल. दर तीन महिन्यांनी उघडून बघा. आमच्या फाइलमधला भाडेकरार मागच्या पावसाळ्यात संपला होता आणि कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या वकिलाचा नंबरही बदललेला निघाला.